मंडळी फुटली आणि शमूचा दुसरा डोस

किस्से काही कुणी मुद्दाम गोळा करत नाही. नळावर दोघी-तिघी जमल्या की आपोआप निघतात. त्यात आमची मंडळी फुटलेली! फुटायच्या आधी वर्षाला एखादा किस्सा व्हायचा, तोही नाताळात. आता हंडा भरेपर्यंत तीन होतात. बायका हसतात, मीही हसते. पण मनातली काळजी काही हलत नाही.

मंडळी म्हणजे आमची चर्चची मंडळी. राजुरीच्या अलीकडं आमचं गाव. ख्रिस्ती घरं थोडी, आणि सगळी एकाच दगडी चर्चची. मग मंचरहून एक ब्रदर यायला लागले. ते म्हणाले, "लहान लेकरांच्या डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा होत नसतो. माणसानं मोठं व्हावं, समजून घ्यावं आणि पाण्यात पुरतं बुडावं." ह्यावरून निम्मी घरं बाहेर पडली. आमचे हे ब्रदरच्या उजव्या हाताला. सासूबाई जुन्या चर्चलाच राहिल्या. मला तेव्हा पाचवा महिना होता. मला कुणी विचारलंच नाही. पोटातल्याला तर नाहीच नाही.

*

पहिलं भांडण घंटेवरून झालं. नव्या मंडळीला घंटा नव्हती. जुन्या चर्चची नऊची घंटा झाली की तेही आपल्या उपासनेला निघायचे. जुन्या पंचकमिटीला हे झोंबलं. त्यांनी घंटा वाजवणाऱ्या दगडूमामाला बोलावलं. "आपल्या घंटेवर ते फुकट जमतात. काहीतरी कर."

दगडूमामा म्हणाला, "काय करू? घंटेला सांगू का, बाहेर पडलेल्यांच्या कानात शिरू नको म्हणून?"

शेवटी कमिटीनं ठरवलं, पुढच्या रविवारी घंटा साडेआठलाच वाजवायची. म्हणजे नव्यांची फजिती. पण हे आपल्या माणसांना सांगायचं राहूनच गेलं! नवे सगळे साडेआठला हजर, गाणी सुरू. आणि इकडं जुन्या चर्चचे पाळकसाहेब अर्ध्या गालाला साबण लावून बंगल्याच्या दारात उभे. "अरे दगडू, कोण गेलं रे? घंटा का वाजली?"

*

नव्या मंडळीला जागा नव्हती. मंडळीतल्या एका भावांनी आपली कांदा साठवायची चाळ दिली. हिवाळ्यात ठीक होतं. उन्हाळी कांदा निघाला तशी निम्मी चाळ भरली, आणि उरलेल्या निम्म्यात आम्ही सतरंजीवर.

एका रविवारी पुण्याहून मोठे उपदेशक आले. त्यांना कुणी कांद्याचं बोललंच नाही. एका कोपऱ्यातला कांदा सडलेला, वरून पत्रा तापलेला. ते उभे राहून नुसतं "प्रियांनो" म्हणाले, तर समोर सगळ्यांचे डोळे गळतायत! बायका पदरानं पुसतायत, गडी बाहीनं. उपदेशकांनी हात वर केले. "बघा! अजून मी वचनसुद्धा उघडलं नाही!" असं म्हणताना त्यांचाही आवाज भरून आला. ते तासभर बोलले आणि तासभर रडले.

जाताना ब्रदरचा हात धरून म्हणाले, "इतकी कोमल अंतःकरणाची मंडळी मी पुण्यात पाहिली नाही."

आमचे हे घरी येऊन सगळ्यांना सांगत होते. सासूबाई म्हणाल्या, "आता लसणाच्या चाळीत बसा. सर्दी पण जाईल."

*

घरात मात्र हसू येत नाही. जेवणाआधी दोन प्रार्थना होतात. सासूबाईंची जुनी, चार ओळींची. ह्यांची नवी, डोळे मिटून, हात पसरून. त्यात आजारी सगळे येतात, गावाचा रस्ता येतो, ब्रदरची गाडी येते. माझा शमू झाल्यावर तोही त्यात आला. जन्मला तेव्हा सव्वादोन किलोचाच होता, त्यामुळं त्याचा भाग बराच लांबायचा. मीही डोळे मिटून ऐकायची. माझं रडू तेवढ्यात उरकायचं.

एकदा ह्यांनी आमेन म्हणून डोळे उघडले, तर सासूबाई हात धुवत होत्या.

"आई, प्रार्थना चालू व्हती की!"

"माझी झाली. देवाला एकदा सांगितलं की कळतं. तो काय एसटी स्टँडावरचा चौकशीवाला हाये, चार-चारदा विचारायला?"

*

हा चौथा किस्सा, आणि माझ्या जिवाला लागलेला. शमू महिन्याचा होता. नव्या मंडळीतले बाळूबाबा वारले. म्हातारा माणूस, मरण चांगलं आलं. पण पुरायचं कुठं? कब्रस्तान जुन्या चर्चचं. पेटी फाटकाशी नेली तर फाटकाला कुलूप, आणि किल्ली दगडूमामाच्या कमरेला. कमिटी म्हणाली, बाहेर पडलेल्यांना जागा नाही. ऊन डोक्यावर आलेलं, माणसं पेटी खांद्यावरून खाली ठेवतायत, परत उचलतायत.

मग पाळकसाहेब स्वतः जुनं रजिस्टर काखेत घेऊन आले. पानं उलटली. बाळूबाबाचा बाप्तिस्मा त्यात निघाला. तान्हेपणीचा, पाणी शिंपडलेला, जो खरा नसतो तो! साहेब म्हणाले, "नाव आहे. उघड, दगडू."

कुलूप काढता काढता दगडूमामा म्हणाला, "जितेपणी कुणीकडंबी बसा राव. निजायला इकडंच यायचंय!"

सगळे हसले, पेटी धरलेलेसुद्धा. मी हसले नाही. माझ्या हातात शमू होता, आणि त्याचं नाव कुठल्याच रजिस्टरात नव्हतं. जुन्यात नाही, कारण बाप बाहेर पडलेला. नव्यात नाही, कारण तो अजून मोठा व्हायचाय. आणि मोठा नाही झाला तर? असं मनात आणू नये, कळतं मला. पण ते काय मी आणते? ते येतं.

रविवारी धीर करून मी ह्यांच्यादेखत ब्रदरला शमूच्या नावाचं विचारलं. ते म्हणाले, "ताई, काळजी करू नका. त्याचं नाव जीवनाच्या पुस्तकात आहे."

मी म्हटलं, "व्हय, पण फाटकाची किल्ली तर दगडूमामाकडं हाये ना!"

त्या रात्री हे उशिरापर्यंत अंगणात येरझाऱ्या घालत होते. मला वाटलं, रागावले.

*

मे महिन्यात नव्या मंडळीचे बाप्तिस्मे ठरले, एकाच्या शेततळ्यात. शेततळं ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, आत प्लॅस्टिकचा कागद असतो आणि त्यावर शेवाळ. उतरायला सोपं, वर यायचं नाव नको. मी शमूला छातीशी गच्च धरून पार बांधावर उभी.

ब्रदर पांढरे कपडे घालून उतरले. पहिल्या माणसाचा हात धरला, "पित्याच्या" एवढं म्हणाले आणि पाय सटकला. दोघंही गडप! वर आले, परत गडप. ह्यांनी दोर टाकला, चौघांनी विहिरीतली मोटार ओढावी तसे ओढून काढले. ब्रदर खोकत खोकत विचारायला लागले, "पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं, हे मी म्हणालो का?"

कुणालाच सांगता येईना. त्या माणसाला परत आत उतरवायला त्याची बायको तयार होईना. "पित्याचा तेवढा झालाय ना, मग बास! बाकीचा बादलीत करा," म्हणाली.

सासूबाईंना हे कळलं तेव्हा हसून त्यांना ठसका लागला. मी शमूकडं बघत होते. मोठा झाल्यावर ह्याला तिथंच उतरवणार. ह्यांच्याकडं बघितलं, तर हेही शमूकडंच बघत होते.

*

शमूला अडीच महिने झाले. लसीच्या दुसऱ्या डोसाचा बुधवार आला आणि नेमकं माझं अंग मोडून आलं. हे म्हणाले, "मी नेतो." मी बघतच राहिले. ह्या माणसानं कधी लंगोट बदलला नाही!

दोन तासांनी आले. शमू खुशीत, पण डोकं ओलं.

"हे काय?"

"ऊन लागलं. पाणी लावलं जरा."

आभाळ तर भरलेलं होतं! कार्ड मागितलं, तर ते घरीच, डब्यात. "सिस्टर म्हणल्या, पुढच्या वेळी आणा, लिहून देते." सासूबाईंनी शमूचं डोकं पुसलं, टॉवेल वाळत घातला आणि काहीच बोलल्या नाहीत. त्या, ज्यांना शेजारच्या कोंबडीवरही बोलायचं असतं!

माझी खरी काळजी वेगळीच. डोस दिला की ताप येतो. पहिल्याला आला होता. ह्या वेळी आलाच नाही. मी दर तासाला कपाळाला हात लावून बघत होते. लागला नाही का डोस? औषध खराब होतं का? हे म्हणाले, "ताप न्हाई आला म्हणून रडणारी आई पयल्यांदा बघतोय!"

*

तिसऱ्या डोसाच्या बुधवारी मी घरात कुणाला न सांगता ठरवलं. डोसाला म्हणून निघाले ती सरळ जुन्या चर्चच्या बंगल्यावर गेले. पाळकसाहेबांना म्हटलं, "साहेब, ह्याच्यावर पाणी घाला. बाप बाहेर पडला असला तरी लेकरू कुठं पडलंय? फक्त आमच्या ह्यांना कळू देऊ नका, घर मोडंल."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग रजिस्टर आणून माझ्यापुढं उघडं ठेवलं. "बाई, एका लेकराचा बाप्तिस्मा दोनदा होत नसतो."

सातवीपर्यंत शिकले ते कामाला आलं. शमुवेल. खाली ह्यांची सही, वाकडी, घाईची. साक्षीदार दगडूमामा. तारीख बघितली, तर मागच्या महिन्यातला डोसाचा बुधवार.

साहेब म्हणाले, "मला शपथ घातली होती त्यानं. ब्रदरला सांगू नका, आणि बायकोला तर नकोच. ती उगाच काळजी करत बसंल म्हणाला."

तिथून तशीच डोसासाठी आरोग्य उपकेंद्रावर गेले. सिस्टरनी कार्ड बघितलं. "अहो, ह्याचा दुसरा कुठं झालाय?"

"न्हाई झाला," मी म्हटलं. "आज द्या."

संध्याकाळी हे चाळीतल्या प्रार्थनेहून आले. शमूच्या कपाळाला हात लावला आणि दचकलेच. "अगं, अंग तापलंय ह्याचं!"

"डोस दिल्यावर तापतंच की," मी म्हटलं.

"पण मागच्या वेळी तर न्हाई..." एवढं बोलून हे थांबले. माझ्याकडं बघितलं. मी शमूकडं बघत बसले.

चुलीपुढून सासूबाई म्हणाल्या, "मागच्या वेळी डोकं ओलं व्हतं ना, म्हणून न्हाई आला. हात धुवा, ताटं वाढलीत!"