दुर्गाबाईंचे हलके डोंगर

अचलपूरच्या बाहेर, बिच्छन नदीच्या अंगाला बेलसरे कुटुंबाचं भाजीपाल्याचं वावर आहे. त्या वावरात दुर्गाबाईंनी अडतीस वर्षं पाणी दिलं. पाणी देणं म्हणजे मोटार सुरू करून बांधावर बसणं नव्हे. हातात फावडं घेऊन एका सरीतून दुसऱ्या सरीत पाणी वळवायचं, कुठं मातीची आड घालायची, कुठं फोडायची, वांग्याला किती जाऊ द्यायचं आणि कोथिंबिरीपाशी कसं हळू करायचं, हे सगळं डोळ्यांनी आणि तळपायांनी ओळखायचं. नवरा, भगवंतराव, बाजार सांभाळत. पाणी मात्र दुर्गाबाईंचं. "तिनं सांगितलं तर पानी चढावरही जाईन," असं भगवंतराव कौतुकानं म्हणत, आणि दुर्गाबाई लगेच त्यांना दुरुस्त करत, "चढावर नाई जात. तुमाले चढ वाटते, थो उतारच असते."

साठीला टेकता टेकता त्यांचे दोन्ही गुडघे गेले. अमरावतीला शस्त्रक्रिया झाली, ती चांगली झाली, पण डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या. उकिडवं बसायचं नाही आणि डोक्यावर ओझं घ्यायचं नाही. आता भाजीवाल्या बाईला या दोन गोष्टी वर्ज्य केल्यावर उरतं काय? दुर्गाबाई घरात खुर्चीवर बसून राहू लागल्या. मेथी निवडून द्यायच्या, टीव्ही लावायच्या, बंद करायच्या. दर तासाला भगवंतरावांना फोन, "खालच्या तुकड्यात पानी पोचलं का?" शेवटी भगवंतराव फोन घरीच विसरायला लागले.

त्या दिवाळीत मुलगा नितेश चार दिवस सुटीवर आला. तो अमरावतीला एका बँकेत संगणकाचं काम बघतो, लग्नाचं वय झालंय, पण रविवार त्याचा ठरलेला. आठ-दहा मित्र जमून टेबलावरच्या लढाया खेळतात. अंगठ्याएवढे प्लास्टिकचे शिपाई, प्रत्येकाला बारीक कुंचल्यानं रंगवलेलं. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहतात, टेपनं मोजून शिपाई पुढे सरकवतात, आणि गोळी लागली की नाही ते फाशावर ठरतं. शिपायाच्या डोळ्यांच्या रेषेत शत्रू दिसला तरच गोळी झाडता येते. मध्ये टेकडी आली की तो वाचला.

नितेशनं घरच्या पलंगावर हिरवी चादर अंथरली, चादरीखाली जुनी पुस्तकं घातली, झाल्या टेकड्या. त्याचा मित्र गोपाल परतवाड्याहून आला होता. दोघांचा डाव रंगला. दुर्गाबाई खुर्चीतून बघत होत्या. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या,

"नितेश, हे कायचे टेकडे होय रे?"

"असेच, माय. खेळापुरते."

"मंग या टेकड्याईचं पानी कुठी जाते?"

गोपाल हसला. "मावशी, हे लढाईचं हाय. पान्याचं काय काम?"

"पानी कुठून जाते ते समजल्याबिगर टेकडा कसा करसान? पान्यानंच तर टेकडा होते."

नितेशनं चादर उचलली, पुस्तकं बाजूला केली आणि म्हणाला, "मंग तू करून दाखव."

पहिला डोंगर बिघडला. नव्या फ्रीजच्या खोक्यातला थर्माकोल भाजी चिरायच्या विळीवर धरला, तर घरभर पांढरे मणी उडाले. आठ दिवस ते पोळीतही सापडत होते. कसाबसा आकार आला, तर नितेशनं त्यावर डब्यातला फवारा रंग मारला. फसफस आवाज झाला आणि डोंगराचं माथं डोळ्यांदेखत विरघळून खाली बसलं. नितेशनं कपाळाला हात लावला. दुर्गाबाई मात्र वाकून त्या खड्ड्याकडे बघत राहिल्या.

"अशीच असते रे, खदानीजवळची जागा," त्या म्हणाल्या. "हा रंग ठेव बाजूले. कवा खड्डा पाहिजे असला तर कामाचा हाय."

मग नितेशनं शीतगृहाच्या भिंतीत घालतात तो निळा, घट्ट फोम आणला. त्याचे मणी सुटत नाहीत. हिटरच्या स्प्रिंगसारखी एक बारीक तार चार्जरवर तापवायची, ती त्या फोममधून लोण्यातून जावी तशी जाते. धूर होतो म्हणून खिडकी उघडी आणि तोंडाला फडकं. एवढं त्यानं शिकवलं. बाकीचं दुर्गाबाई स्वतः शिकल्या. पोळ्यांच्या डब्यातला चंदेरी कागद चुरगळून त्याचा गोळा फोमवर दाबून फिरवला की दगडाचा खडबडीतपणा येतो. नदीची रेती पिठाच्या चाळणीनं चाळली की बारीक मुरूम. वाळलेला चहाचा चोथा म्हणजे झाडाखालचा पाचोळा. आणि वेलावरच वाळलेलं गिलकं, म्हणजे घोसाळं, सोलून त्याच्या जाळीचे तुकडे केले की कड्यावर लोंबणाऱ्या वेली. रंगाच्या आधी फेव्हिकॉलमध्ये पाणी आणि काळा रंग कालवून त्याचा हात द्यायचा, म्हणजे फोम टणक होतो आणि पुढचा कुठलाच रंग त्याला खात नाही.

पण खरी करामत आकारात होती. बाजारात मिळणाऱ्या टेकड्या म्हणजे थराथरांचा केक. दुर्गाबाई आधी फोमवर पेन्सिलीनं पाण्याची वाट काढत. माथ्यावरून पाणी कुठं फुटेल, कुठं दोन ओघळ एक होतील, वळणावर कुठला काठ कापला जाईल आणि कुठल्या काठाला गाळ साचेल. मग त्या वाटांवर तार फिरे. राहिलेला भाग तो डोंगर. पहिला असा पूर्ण झालेला डोंगर त्यांनी एका हाताच्या तळव्यावर उचलला आणि भगवंतरावांपुढे धरला.

"पाहा. आयुष्यभर टोपलं उचलू उचलू मान मोडली. आन हा डोंगर, याले वजनच नाई."

नितेशनं तो डोंगर अमरावतीला नेला. पुढच्या रविवारी तिथं खेळायला आलेला गोपाल हरला. त्याचे बंदूकवाले माथ्यावर होते, सगळं टेबल त्यांना दिसत होतं, असं त्याला वाटत होतं. नितेशची माणसं कोरड्या ओघळीतून, काठाच्या आडोशानं, थेट त्याच्या पाठीमागे निघाली. गोपालनं टेबलाला डोळा लावून तीन वेळा तपासलं. खरंच दिसत नव्हती. त्यानं तिथूनच फोन लावला. "मावशी, तुमी मले मारलं वो!"

त्या एका फोनानंतर वर्षभरात नागपूर, पुणे, नाशिक इथून मागण्या येऊ लागल्या. आणि गेल्या डिसेंबरात अकोल्याला मोठी स्पर्धा भरायची ठरली. भरवणारी साधना, पेशानं दातांची डॉक्टर, स्वतः घरी आली. तिला चार पूर्ण टेबलं हवी होती, प्रत्येक टेबल सहा चौकोनी तुकड्यांचं, एकमेकांना जुळणारं, बसमधून नेता येईल इतकं हलकं. दुर्गाबाईंनी दोन महिने काम केलं. घरातली जेवणं स्वयंपाकघरातच उरकायची, कारण बैठकीत सातपुडा पसरला होता.

स्पर्धेला पाच दिवस राहिले असताना सगळे तुकडे वाकले. सकाळी बघावं तर चारही कोपरे वर उचललेले, ताटासारखे. एकाशी एक जुळेना. नितेश रजा काढून आला होता, तो खालीच बसला. "गेलं सगळं, माय."

दुर्गाबाईंनी एक तुकडा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. मग म्हणाल्या, "तू कधी पापड वाळू घातले?"

"नाई."

"म्हनून घाबरून राहिला. पापड एकाच अंगानं उन्हात ठेवला का थो त्याच अंगाले वळते. आपन वरूनच फेव्हिकॉल लावला. वाळता वाळता त्यानं वरचं अंग ओढलं. खालून बी तेवढाच लाव. दोनी अंगाची ओढ सारखी झाली का येते सरळ."

दोघांनी मिळून प्रत्येक तुकड्याच्या पाठीला तसाच हात दिला, पाट टाकून वर कांद्याची पोती ठेवली. दोन दिवसांनी पोती काढली. अठरा तुकडे सपाट झाले होते. चौथ्या टेबलाचे सहा मात्र पातळ फोमचे होते. त्यातले चार माथ्यावरून आरपार तडकले.

नितेशला लगेच सुचलं. "माय, या भेगेले रंग देऊ. नाला दिसन. कोनाले समजते?"

दुर्गाबाईंनी मान हलवली. "हा नाला इकडून चढते, माथ्यावरून जाते आन तिकडं उतरते. असा नाला कुठी पाह्यला तू?"

"लोकाईले खेळाशी मतलब, माय."

"मले हाय ना पान्याशी."

त्यांनी साधनाला स्वतः फोन केला आणि सांगितलं, तीनच टेबलं होतील, चूक माझी, पातळ फोम घ्यायला नको होता. फोन ठेवून त्यांनी उरलेल्या जाड फोमचे तुकडे जमा केले आणि दोन दिवसांत बारा सुट्या टेकड्या केल्या, कुठल्याही साध्या टेबलावर मांडता येतील अशा.

परतवाड्याहून अकोल्याची बस पकडली. मायलेक आणि चादरीत बांधलेले चार मोठे गठ्ठे. वाहकानं अडवलं.

"मावशी, काय हाय यात?"

"डोंगर हाय."

"काय?"

"डोंगर. उचलून पाह्य."

त्यानं दोन्ही हातांनी जोर लावून गठ्ठा उचलला आणि तोल जाऊन मागच्या सीटवर जवळजवळ पडलाच. अख्खी बस हसली. त्यानंतर अंजनगाव, अकोट, प्रत्येक थांब्यावर तो नव्या प्रवाशांना बजावत होता, "तिकडे टेकू नका, डोंगर हाय."

अकोल्याच्या सभागृहात टेबलं मांडली गेली. पुण्याहून आलेल्या दोघा खेळाडूंनी सुरुवातीला नाक मुरडलं, इतके ओघळ कशाला, सैन्य उभं करायला सपाट जागाच नाही. दुपारपर्यंत तेच दोघं टेबलाभोवती वाकून, गुडघ्यावर बसून, एकेका ओघळीत दोन-दोन शिपाई लपवत होते. साध्या टेबलावर कुणी सुट्या टेकड्या कशाही ठेवल्या, तर दुर्गाबाई काठी टेकत तिथं गेल्या. "हे दोन टेकडे असे जवळ ठेवा, मधून पानी जाऊ द्या," असं सांगून त्यांनी त्या हलवल्या. कुणी हरकत घेतली नाही.

तेल्हाऱ्याचे वामनराव, फौजेतले निवृत्त सुभेदार, नुसतं बघायला म्हणून आले होते. ते कुठल्या खेळाकडे लक्ष देत नव्हते. दुसऱ्या टेबलापाशी वाकून त्यांनी फोमच्या काठाला गाल टेकवला आणि एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. मग एका वळणावर बोट ठेवलं.

"मी इथंच मोर्चा लावला असता." ते सरळ उभे राहिले. "बाई, तुमी फौजेत होत्या का?"

"नाई वो भाऊ," दुर्गाबाई म्हणाल्या, "मी वांग्यात होती."

वामनराव मोठ्यानं हसले. मग हसणं थांबवून त्यांनी हात जोडले. दुर्गाबाईंनी पदर सावरला आणि त्यांना चहा घ्यायला सांगितलं. नितेश पलीकडे उभा होता. आपली आई इतक्या अनोळखी माणसांत अशी सहज बोलते आहे, हे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

संध्याकाळी साधनानं सगळ्यांसमोर त्यांची ओळख करून दिली. तीन टेबलांवरच थांबलेल्या कामाबद्दल ती काही बोलली नाही, दुर्गाबाईच बोलल्या. माइक हातात घेऊन, "चौथं टेबल पुढच्या साली आनतो, जाड फोमचं," एवढंच.

या जानेवारीत रत्नागिरीच्या एका खेळाडूची मागणी आली. त्याला समुद्रकिनारा हवा होता. गलबतं, खडक, भरतीचं पाणी. दुर्गाबाईंनी कळवलं, मी समुद्र पाहिलेला नाही, म्हणून करणार नाही. खेळाडूनं फोटो पाठवले. त्यांनी फोटो बघितले आणि पुन्हा नाही म्हणून कळवलं. मग एके दिवशी जेवताना भगवंतराव म्हणाले, "वावर आठ दिवस गोपाल पाहीन. चाल, जाऊन येऊ."

लग्नानंतर दोघं पहिल्यांदाच इतक्या लांब गेले. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी पोचले. दुर्गाबाई काठी टेकत ओल्या वाळूपर्यंत गेल्या. पाणी मागे हटताना वाळूत बोटांएवढ्या रेघा उमटवून जात होतं, आणि त्या रेघा खाली न जाता आडव्या पसरलेल्या होत्या. पाणी यायचं, जायचं, पुन्हा यायचं. असं पाणी त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. कुणाच्या सांगण्यानं न वळणारं.

"काय म्हनतं मंग?" भगवंतरावांनी विचारलं.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "याचं मले अजून समजलं नाई."

तीन दिवस त्या भरती आणि ओहोटी, दोन्ही वेळा किनाऱ्यावर बसल्या. चौथ्या दिवशी भगवंतरावांनी परतीची तिकिटं काढायची का म्हणून विचारलं. दुर्गाबाईंनी आणखी दोन दिवस मागितले.