कंडक्टरमामांचा आवाज

कंडक्टरमामांच्या मते अख्खं कोल्हापूर बहिरं झालं होतं. "मी नीटच बोलतोय की. लोकांच्याच कानात दडे बसल्यात," असं ते सांगायचे, आणि तेही इतक्या हळू की मला खुर्ची पुढे ओढावी लागायची.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी वाचा-उपचार करायचे. मामांनी चंदगडच्या एसटीत उभी नोकरी काढलेली. त्यांनी "पुढं सरका की पावणं" म्हटलं की बाहेर टपावरचा माणूससुद्धा सरकायचा म्हणे. हे त्यांनीच सांगितलेलं, तेव्हा थोडं वजा करून घ्या. पार्किन्सनने हाताला कंप आणला आणि आवाज पार आत ओढून नेला. या दुखण्यात माणसाला स्वतःचा आवाज पूर्वीइतकाच वाटतो, हीच मोठी पंचाईत.

खऱ्या हवालदिल होत्या मामी. आमच्या भागात हळू बोलणारा आजारी तरी असतो, नाहीतर रुसलेला. मामींनी त्यातलं दुसरं धरलं. एकदा मला दाराशी गाठून म्हणाल्या, "बाई, वरीस झालं, माझ्यासंगं धड बोलत न्हाईत. माझं काय चुकलं, तेवढं इचारा की." आणि पदर डोळ्यांना लावला.

मी दोघांना शेजारी बसवलं आणि आवाज मोजायचं काट्याचं यंत्र समोर ठेवलं. "म्या काय बोलू?" मामी म्हणाल्या, तेवढ्यानंच काटा टुणकन वर गेला. मग मामांना म्हटलं, "आता तुम्ही मामींना हाक मारा, स्टँडवर मारायचात तशी." मामांनी छाती भरून हाक मारली. मानेच्या शिरा फुगल्या, काटा जेमतेम हलला. मामा काट्याकडे बघतच राहिले. मामी त्यांच्या मानेकडे बघत होत्या. "म्हंजे तुमी रागावला न्हवतासा व्हय," त्या म्हणाल्या, आणि भरल्या डोळ्यांनी हसल्या.

मग मामा हट्टाला पेटले. काटा मी आखलेल्या खुणेवर नेईल एवढ्या जोरात "च्या टाक की", "जेवाय वाढ" असं म्हणायचं, हा रोजचा सराव. "बाई, बोंब मारल्यागत वाटतंय," ते कुरकुरायचे. माझी पाठ वळली की यंत्र हळूच तोंडाशी ओढून घ्यायचे. जन्मभर बिनतिकिटाचे प्रवासी धरलेला माणूस हा!

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटी तो आवाज पुन्हा बसलाच. पण तो चढला होता त्या मधल्या काळातल्या एका दुपारी मामी तक्रार घेऊन आल्या होत्या. "शेजारीण आलती. तुमच्यात भांडण झालं काय, म्हणून इचारत हुती."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"व्हय म्हटलं, झालं," मामी म्हणाल्या. "लई दिसांनी झालं."