पाचव्यांदा तीच माती

आम्ही जुने केमिस्ट्रीवाले भेटलो की बोलणं बदली-बढतीवरून सुरू होतं आणि चहा येईपर्यंत चंद्रपूरच्या लॅबवर घसरतं. तिथं रिॲक्शन कमी झाल्या, किस्सेच जास्त!

ऐंशीनंतरच्या त्या दिवसांत आम्ही पँटवरून ओळखू यायचो. सल्फ्युरिक ॲसिडची भोकं! मुलगी बघायला गेलो, तर तिच्या वडिलांनी माझ्या गुडघ्याकडं पाहून विचारलं, "घरी उंदरं लय झाले काय जी?" लग्न जमलं नाही.

माझे गाइड वासेकर सर, त्यांना या ॲसिडचाच राग. एकदा वापरा, मोरीत ओता. त्यांच्या डोक्यात आलं की ॲसिड मुरवलेली माती कॅटॅलिस्ट म्हणून रिॲक्शन घडवायचं हेच काम करेल: रिॲक्शन झाली की गाळा, धुवा, वाळवा, परत वापरा. नागपूरचे तज्ज्ञ येऊन पाहणार होते. तीच माती पाचव्यांदा चालली तर माझी पीएचडी मंजूर, नाहीतर मी गावी धानाच्या बांधीत! मला झोप नव्हती आणि सरांना बसवत नव्हतं. डबासुद्धा उभ्यानं खायचे.

* * *

माती आणली नागभीडकडून, एसटीनं. कंडक्टरनं पोतं दाबलं. "काय हाय?"

"माती."

"काऊन, चंद्रपूरले माती नाई?"

"आहे, पण ही चांगली आहे."

तो सगळ्या बसला ऐकवत म्हणाला, "शिकून शिकून हेच होते, पाहा!"

* * *

तिसऱ्या खेपेनंतर धुतलेली माती गच्चीवर वाळत घातली. संध्याकाळी लॅबचे शिपाई भाऊराव खूश. "सर, भांडे पाहा ना, कसे चमकून राह्यले!"

भाऊरावांनी आमच्या कॅटॅलिस्टनं सगळी बीकरं घासून ठेवली होती. सर ओरडले, तर म्हणाले, "मंग, मातीनं नाई त कायनं घासू?"

पुन्हा पहिल्यापासून!

* * *

त्या मातीवर आम्ही बनवायचो केळ्याच्या वासाचं रसायन, एस्टर. वास सुटला की पोरं वाट्या घेऊन शिकरण मागायला यायची. एकदा खालच्या मजल्यावरच्या झूलॉजीच्या रामटेके बाई धावत आल्या. "खिडक्या लावा आधी! छज्ज्याखाली आग्या मोहोळ हाय. डंख माराले माश्या एकमेकींले याच वासानं बोलावतात!"

तेव्हापासून खिडक्या बंद.

* * *

तज्ज्ञ आले भर मे महिन्यात, टाय लावून आणि सर्दी घेऊन. त्याच मातीची पाचवी खेप चढवली. सरांच्या येरझारा सुरू. शेवटी केळ्याचा वास सुटला आणि मला नाचावंसं वाटलं.

"मला काही वास येत नाही बुवा," तज्ज्ञ नाक शिंकरत म्हणाले. "मातीनं कुठं रिॲक्शन होते?"

तेवढ्यात लाइट गेली, पंखा थांबला. घामाघूम तज्ज्ञ उठले.

"सर, खिडकी नको..." मी म्हणेपर्यंत

त्यांनी कडी काढलीसुद्धा!

क्षणात आम्ही सगळे टेबलाखाली. वर नुसतं माश्यांचं घोंघावणं. वासेकर सर मात्र मांडी घालून बसले होते, किती तरी दिवसांनी, अगदी निवांत.

"मग सर," त्यांनी तज्ज्ञांना विचारलं, "रिॲक्शन झाली असं धरायचं ना?"

तज्ज्ञांनी सुजलेल्या कानावर टाय दाबला. "मंजूर! मंजूर! पण कुणीतरी ती खिडकी लावा!"