मक्यावरची गाडी आणि साडूचा दोर

मी माझ्या साडूवर जळतो हे बायकोला लग्नानंतर आठवडाभरात कळलं. मला कळायला वीस वर्षं लागली. तो भोपाळच्या चार इमलीत सरकारी बंगल्यात राहतो, मी पिपलानीत कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. तेही चालवून घेतलं असतं. पण त्याची डिझेलची गाडी एका टाकीत भोपाळहून नागपूरला, आम्हा दोघांच्या सासुरवाडीला, जाऊन परत येते. आणि हे तो स्वतः सांगतही नाही. बाकीचे सांगतात.

माझी गाडी इथेनॉलवर, म्हणजे मक्यापासून काढलेल्या इंधनावर चालते; अडलं तर पेट्रोलही चालतं. घेतली तेव्हा सासऱ्यांना फोनवर अर्धा तास समजावलं होतं की ही मक्यावर धावते. पण इथेनॉल भराभर संपतं, वाटेत कुठे मिळत नाही, आणि पहिल्याच फेरीत पांढुर्ण्याला मी गुपचूप पेट्रोल भरलं. गुपचूप म्हणजे बायको शेजारी बसलेली असताना. सासऱ्यांनी फाटकातच विचारलं, "काय जावईबापू, मका संपला का?" साडू हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

मग धोंड्याचा महिना आला. अधिक मासात जावयांना जेवायला बोलावतात. आमच्या सासरी जो आधी पोचेल त्याला सासऱ्यांशेजारचा पाट. आजवर प्रत्येक वेळी तो साडूचा. मी ठरवलं, यंदा न थांबता, निव्वळ इथेनॉलवर, त्याच्या आधी.

पिपलानीतला माणूस अशा वेळी दुकानात नाही, भंगारात जातो. तिथे जुन्या जीपची पेट्रोलची टाकी मिळाली. ती डिकीत बसवली, नळी जोडली, मध्ये कॉक. गाडीची टाकी संपत आली की कॉक उघडायचा. आमच्या मिस्त्रीने टाकीत डोकावून पाहिलं.

"साहब, इसमें बीस साल का मैल जमा है. आपका इथेनॉल सब छुड़ा देगा. सीधा फिल्टर में."

"भाई, मैं कारखाने में टर्बाइन बनाता हूँ."

"वही तो," तो म्हणाला.

"अहो, सामान कुठे ठेवायचं?" बायकोने विचारलं.

"तुझ्या ताईच्या गाडीत दे."

लढाईला निघताना आपलं सामान शत्रूच्या गाडीत भरणारा सेनापती मीच.

आम्ही उजाडायच्या आत निघालो. साडू चहा-नाश्ता करून सात वाजता निघणार होता. पांढुर्ण्याच्या त्या पंपासमोरून मी मुद्दाम हॉर्न वाजवत गेलो, आणि थोडं पुढे जाऊन कॉक उघडला. सावनेरजवळ गाडीने दोन उचक्या दिल्या आणि बसली. फिल्टर उघडला तर आत काळा चिखल.

"मिस्त्री काय म्हणाला होता हो?"

"आठवत नाही."

"मला आठवतंय," ती म्हणाली.

साडू आला. डिकी उघडून आमच्या बॅगा बाजूला सारल्या आणि खालून जाड दोर काढला. "तुम्ही फक्त स्टिअरिंग सांभाळा," एवढंच बोलला. नागपूरपर्यंत त्याच्या मागच्या काचेतून माझी निळी बॅग मला दिसत होती. ती माझ्या पुढे चालली होती.

सासरे फाटकात उभेच होते. "आधी कोण आलं?"

"बरोबरच आलो," साडू म्हणाला.

सासऱ्यांनी दोराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन आपल्या दोन्ही बाजूंना पाट मांडायला सांगितले. वीस वर्षं ज्या पाटासाठी झुरलो तो मिळाला. त्यावर बसून मी पुरणाचे धोंडे खाल्ले आणि सासऱ्यांचं बोलणं ऐकलं. विषय एकच: गाडीत दोर बाळगणारा माणूस किती विचारी असतो.

भोपाळला परतल्यावर टाकी भंगारात देऊन आलो. येताना दोर घेतला. साडूच्या दोराहून दोन हात लांब.