अम्मांचा रोल

सेतुमाधव राव सर. हे नाव आधी लिहून ठेवतो, कारण मी जो काही झालो त्यात सगळ्यात मोठा वाटा त्यांचा आहे. आणि पुढे जे लिहितो आहे ते मी कोणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तीन वर्षं झाली. आत्ताही हात थांबतो आहे. उद्या लिहिलं तर नाही का चालणार?

नाही चालणार.

सर पापनाशमच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. तंजावूरहून रोज सकाळच्या गाडीने येत. माझे वडील बसस्टँडजवळ शिवणकाम करायचे आणि आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. बारावीनंतर मला दुकानात बसवायचं ठरलं, तेव्हा सर शर्ट शिवायला टाकण्याच्या निमित्ताने चार वेळा दुकानात आले. चौथ्या वेळी वडील टेप गळ्यात टाकत म्हणाले, "सार, एवढे शर्ट तुम्ही कधी घालणार? त्यापेक्षा पोरालाच घेऊन जा." त्रिचीच्या कॉलेजात प्रवेश घ्यायला सर माझ्याबरोबर आले, बसमध्ये उभे राहून. माझ्या पदवीच्या फोटोत माझ्या एका बाजूला वडील आहेत आणि दुसऱ्या बाजूला सर. आज मी तंजावूरलाच एका सरकारी ऑफिसात आहे. स्वतःचं घर आहे.

त्या घराच्या न्हाणीघरात मी फिल्म धुतो.

हे वेड पाच वर्षांपूर्वीचं. कुंभकोणमच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात मोडका कॅमेरा मिळाला, तो दुरुस्त केला, मग रोल मागवले, औषधं मागवली. काळ्या पिशवीत हात घालून फिल्म न बघता रिळावर चढवायला शिकलो. सरांना दाखवायला गेलो तर ते उठले आणि कपाटातून जुन्या वेष्टीत, म्हणजे धोतरात, गुंडाळलेला त्यांचा स्वतःचा कॅमेरा घेऊन आले. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत वापरलेला. तीस वर्षं बंद. मी तो मद्रासच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडून चालू करून आणला. सरांच्या पत्नी, रुक्मिणीअम्मा, म्हणाल्या, "आता गुरुशिष्य मिळून माझं स्वयंपाकघर अंधारात घालणार. बघा हं, सांबारात औषध पडलं तर तुम्हीच जेवायचं." 

सरांचा उजवा हात थरथरायचा. मागे पक्षाघाताचा एक लहानसा झटका येऊन गेला होता, त्यानंतरचा. रोल घालायला मी हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला केला. बराच वेळ लागला त्यांना. पण फिल्म नीट बसली. पुढे सरकते आहे की नाही हे कॅमेऱ्यावरची गुंडाळायची कळ फिरते त्यावरून कळतं. ती फिरत होती. मी समोर बसून पाहिलं होतं — हे लक्षात ठेवा.

छत्तीस फोटोंचा रोल त्यांनी नऊ-दहा महिने पुरवला. आठवड्याला एक, कधी दीड आठवड्याला एक. आणि सगळे अम्मांचे. प्रत्येक फोटोची नोंद एका छोट्या वहीत असायची. चार — दारात कोलमची रांगोळी काढताना. पाच — तेच, रागावून. बारा — खिडकीपाशी, केस वाळवताना. एकोणीस — झोपलेली, न सांगता. सव्वीस — हसली, पण मी हललो बहुतेक.

छत्तिसावा फोटो काढल्यानंतर नऊ दिवसांनी अम्मा गेल्या. सकाळी भात चढवला, छातीत कळ आली म्हणाल्या, आणि संपलं. चौदाव्या दिवशी सरांनी तो रोल आणि ती वही माझ्या हातात दिली. कुठल्या फोटोला उजेड कमी होता ते वहीवरून तुला कळेल म्हणाले. घाई करू नकोस म्हणाले.

मी घाई केली नाही. मी जे केलं ते घाईपेक्षा वाईट होतं. 

त्या दिवसांत मी फिल्म धुतानाचे व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकायचो. लोक बघायचे, कौतुक करायचे. मला ते आवडू लागलं होतं. सरांचा रोल धुताना व्हिडिओ करायचा हे मी आधीच ठरवलं होतं — वृद्ध गुरू, दिवंगत पत्नी, जुना कॅमेरा. मथळासुद्धा मनात तयार होता. तुम्हाला किळस आली ना?

आमच्याकडे उन्हाळ्यात नळाचं पाणी चहाइतकं गरम येतं. औषध थंड लागतं, म्हणून बर्फाच्या पाण्याच्या टबात बाटल्या ठेवतो. एकीत चित्र उमटवणारा डेव्हलपर, दुसरीत ते पक्कं करणारा फिक्सर. दोन्ही बाटल्या सारख्या, सोड्याच्या. वरच्या कागदाच्या चिठ्ठ्या पाण्यात सुटल्या होत्या. पण डावीकडे डेव्हलपर ही माझी सवय होती. फोनच्या चौकटीत टब नीट येईना, म्हणून मी तो अर्धा फिरवला. मग डावी बाटली उचलली आणि फिल्मच्या बंद टाकीत ओतली.

फिक्सरला आंबट, नाकात जाणारा वास असतो. एकदा वास घेतला असता तर कळलं असतं. मी फोनकडे बघत होतो.

फिक्सर आधी पडला की फिल्मवरचं सगळं विरघळून जातं. टाकी उघडली तेव्हा हातात काचेसारखी स्वच्छ पट्टी आली. टोकापासून टोकापर्यंत काही नाही. मी ती दिव्यासमोर धरून सव्विसावा फोटो कुठे असेल ते मोजत बसलो. का मोजत होतो, कोणास ठाऊक.

ही झाली चूक. चूक सांगता येते. त्याच संध्याकाळी सायकल काढून गेलो असतो तर सर दुःखी झाले असते, कदाचित माझ्याशी बोललेही नसते, पण खरं त्यांना कळलं असतं. पाच दिवस ते सकाळी फोन करायचे: वाळली का फिल्म? मी म्हणायचो, धूळ फार आहे सर, थांबतो.

पाचव्या दिवशी मी काय केलं ते सांगतो. हे सांगण्यासाठीच इथवर आलो.

फिल्मच्या कडेला कारखान्यातच बारीक नंबर छापलेले असतात, पण ते डेव्हलपरमध्येच उमटतात. म्हणजे पट्टी कोरी आणि नंबर स्पष्ट, तर धुणं बरोबर, दोष कॅमेऱ्यात फिल्म घालणाऱ्याचा. नंबरही नाहीत, तर दोष धुणाऱ्याचा. सर विज्ञानाचे शिक्षक. त्यांना हे माझ्याआधीपासून माहीत होतं. ते कडा बघणार हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी एक नवा, न वापरलेला रोल घेतला. त्याचं तोंड तेवढं उजेडात धरलं, म्हणजे धुतल्यावर ते काळं येईल; कॅमेऱ्यात घालताना तसं होतंच. बाकीचा रोल तसाच धुतला. शांतपणे, तापमान बघून, वास घेऊन. माझ्या हातून इतकी निर्दोष धुलाई क्वचित झाली असेल.

ती पट्टी घेऊन सरांकडे गेलो. त्यांची मुलगी विजयाअक्का कोइंबतूरहून आलेली होती, तीही समोर होती. मी म्हणालो, "सर, फिल्म पुढे सरकलीच नाही. कॅमेऱ्यातल्या दातांनी ती धरली नसावी."

सरांनी पट्टी खिडकीकडे धरली. अंगठा कडेवरून हळूहळू पुढे नेला. पट्टी थरथरत होती.

"नंबर आले आहेत," ते म्हणाले. "धुणं चांगलं झालंय रे राजा. तुझं काही चुकलं नाही."

मग स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"अस्की गेलं," म्हणाले. अस्की म्हणजे सगळं. पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरकडे राहिलेल्या आमच्या घरांतली मराठी अशी आहे.

विजयाअक्का चिडून म्हणाली, "किती वेळा सांगितलं अप्पा, फोनने काढा. तुम्हाला हट्ट." ते मान हलवत राहिले. मी कॉफी प्यायलो. पूर्ण प्यायलो.

त्यानंतर घरी येणाऱ्या प्रत्येकाला सर सांगायचे, "तिचे फोटो मीच घालवले, माझ्या हाताने." सायकल सोडली. दाढी न्हाव्याकडून करून घेऊ लागले. कुलूप लावायला शेजाऱ्याला बोलवायचे — या हाताचा भरवसा नाही म्हणून. कॅमेरा मला देऊन टाकला आणि चार महिन्यांनी विजयाअक्काकडे राहायला गेले. मी स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. लोक म्हणाले, विद्यार्थी असावा तर असा.

त्या कॅमेऱ्याने मी आजही फोटो काढतो. चांगले येतात. पण टाकीतून फिल्म बाहेर काढताना दरवेळी वाटतं की ओल्या पट्टीवर केस वाळवणारी एक बाई असेल. मी न पाहिलेले छत्तीस फोटो मला तोंडपाठ आहेत. एकोणीस, झोपलेली. एकोणिसावा तर मला अगदी दिसतो, उशीच्या अभ्र्यासकट. जे मीच नाहीसं केलं ते मला का दिसावं? आणि ज्यांना दिसायला हवं होतं त्यांना?

परवा विजयाअक्काचा फोन आला. म्हणाली, अप्पांना आता घास तोंडापर्यंत नेतानाही भीती वाटते, डॉक्टर म्हणतात हाताला तेवढं काही झालेलं नाही.

वरचं सगळं लिहून झाल्यावर आज मी हे पत्र टपालात टाकलं.

सरांस साष्टांग नमस्कार.

फिल्म तुम्ही नीट भरली होती. कळ फिरताना मी स्वतः पाहिली. अम्मांचे छत्तीसही फोटो निघाले होते. ते मी घालवले. डेव्हलपरच्या आधी फिक्सर ओतला, कारण माझं लक्ष माझ्याच व्हिडिओकडे होतं. तुम्हाला दाखवलेली पट्टी तुमच्या रोलची नव्हती. तुम्ही कडेचे नंबर बघाल हे माहीत असल्यामुळे मी ती मुद्दाम तयार केली होती. तीन वर्षं तुम्ही स्वतःला दोष देताना मी ऐकत राहिलो.

तुमचा हात चुकला नव्हता.

हे पत्र आधी मी फक्त तुम्ही शिकवलेल्या बाळबोध लिपीत लिहिलं होतं. पाकीट बंद करताना लक्षात आलं की तुमच्या घरात ती दुसऱ्या कोणालाच वाचता येत नाही, आणि म्हणूनच मी ती निवडली होती. तुमची नजर आता अंधुक झाली आहे, हेही मला माहीत होतं. म्हणून हेच सगळं मागच्या बाजूला तमिळमध्ये लिहिलं आहे. विजयाअक्काने ते मोठ्याने वाचून दाखवावं.

राजाराम