भावोजींचा कान

माझ्या ताईच्या घरात धड कप एकही नाही. एकाचा कान वाकडा, एकाच्या काठावर फोड, एक तर बशीत बसायलाच तयार नाही, सारखा डुगडुगतो. पाहुणा आला की ताई त्यातल्या त्यात सभ्य कप शोधते. घरचा माणूस कपबशांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसतो म्हटल्यावर लोकांना वाटतं, यांच्याकडे काय थाट असेल! पण कारखान्यातून घरी न्यायची मुभा असते ती फक्त बाद मालाची. आणि माल बाद ठरवणारे आमचे भावोजीच.

मी एकदा त्यांचं काम बघायला गेले होते. भट्टीतून निघून गार झालेले कप फळ्यांवरून त्यांच्यासमोर येतात. डाव्या हाताच्या बोटात कप अडकवायचा, वाकडा असला तर बोटांना तिथेच कळतं, आणि उजव्या हातातल्या लाकडी दांडीने त्याला हलकेच ठोकायचं. टण्ण वाजला की पुढे. भद्द वाजला की आत कुठेतरी केसाएवढा तडा आहे, मग तो डोळ्याला दिसो न दिसो. भावोजी म्हणतात, "बाद," आणि कप शेजारच्या खोक्यात जातो. रागावून नाही की हळहळून नाही. काम करताना ते डोळे मिटून बसतात. डोळे फसवतात, कान फसवत नाही, असं त्यांचं म्हणणं.

तो शब्द त्यांनी कारखान्याच्या फाटकावर ठेवला असता तर काही बिघडलं नसतं. पण जित्याची खोड. दाराची बिजागरी कुरकुरली, बाद. रेडिओवरच्या निवेदकाचा घसा बसला, बाद. शेजारी खोकला तरी भिंतीकडे न बघता बाद. गल्लीत त्यांचं नावच 'बादकाका' पडलं होतं, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. उलट जरा मिशीतल्या मिशीत हसायचे. मी मेहुणी; मला तर चेष्टेचा परवानाच. "भावोजी, ताईला बघायला आलात तेव्हा ठोकून बघितलं होतंत का?" असं मी किती वेळा विचारलं असेल आणि सगळे किती वेळा हसले असतील.

आता ताईच्या डिसेंबरबद्दल सांगायला हवं. पूर्वी ती नाताळ आला की पदर खोचून घरावर तुटून पडायची. जळमटं काढ, पडदे धू, केक भाज, सगळ्यांना काय द्यायचं त्याची धावपळ. एका वर्षी नाताळच्या सकाळी सगळे तयार होऊन बसले आणि बाईसाहेब तापाने आडव्या. तेव्हापासून तिने कायदाच केला. नाताळपर्यंत रोज संध्याकाळी एकच काम, तेही सगळ्यांनी मिळून, तेही बसून. एका संध्याकाळी जुन्या मासिकांच्या पट्ट्या कापून साखळ्या चिकटवायच्या. एका संध्याकाळी मातीची मेंढरं करायची. एकदा नुसतं पायी फिरून लोकांच्या खिडक्यांतले दिवे बघून यायचं. आणि काहीच सुचलं नाही तर गाणी म्हणायची. नीट झालं तर झालं, नाही तर नाही.

या वर्षी त्या बैठकीत दोन माणसं वाढली. माझी भाची, म्हणजे ताईची एकुलती एक मुलगी, तिचा नवरा जहाजावर असल्यामुळे पहिल्यांदाच महिनाभर माहेरी राहायला आली होती. एरवी दर वर्षी नाताळच्या सुमारास तिला काही ना काही अडचण निघायचीच. बरोबर तिची लेक होती, सहा वर्षांची, गोल गुटगुटीत, सगळे तिला गोटी म्हणतात. गोटी घरभर घरंगळायची. इथल्या चर्चमधल्या बाईंनी तिला एक गाणं शिकवलं होतं, नाताळच्या आधीच्या रविवारी चर्चच्या अंगणात मुलांनी मिळून म्हणायचं. "हळू या, हळू या, बाळ निजलं गोठ्यात." पोर ते उठता-बसता म्हणायची. दात घासतानासुद्धा.

मेंढरांच्या संध्याकाळी भावोजींनी सवयीप्रमाणे प्रत्येक मेंढरू उचललं आणि आपला निकाल दिला. गोटीच्या मेंढराला पायच तीन होते. ती स्वतःच ओरडली, "हे बाद!" आणि पोट धरून हसली. तोवर तो तिला एक खेळच वाटत होता.

दुसऱ्या संध्याकाळी गाणी. भावोजी नेहमीप्रमाणे आरामखुर्चीत डोळे मिटून, खुर्चीच्या हातावर बोटाने ठेका धरून बसलेले. गोटी मधे उभी राहिली, हात मागे बांधले आणि सुरू झाली. त्या गाण्यात 'बाळ' या शब्दावर सूर वर चढतो. गोटीचा तिथे नेमका घसरला, पायरी चुकल्यासारखा खाली आला. आणि भावोजींच्या तोंडून निघून गेलं, "बाद."

डोळे मिटलेलेच होते. मला खात्री आहे, त्यांच्यासमोर त्या वेळी नात नव्हती, फक्त आवाज होता. पण आम्ही सगळे हसलो, आणि मी सर्वांत मोठ्याने. गोटीही हसली, जरा उशिराने. मग तिने विचारलं, गाणं बाद झालं की मी? ताईने घाईघाईने काहीतरी गोड बोलून विषय बदलला.

त्यानंतर गोटीने तोंडातून सूर काढला नाही. रुसली नाही, रडली नाही, जेवणखाण व्यवस्थित. साखळ्या चिकटवल्या, दिवे बघायला आली, वाटेत बडबडलीही. पण गाणी सुरू झाली की ओठ हलायचे आणि आवाज नाही. ताई म्हणाली, पोरीचा घसा बसला असेल. मलाही ते सोयीचं वाटलं.

सोयीचं वाटलं नाही ते भाचीला. भावोजी स्वयंपाकघरात पाणी प्यायला आले तेव्हा ती भांडी पुसत होती. मी तिथेच ओट्याशी उभी होते. तिने वळूनही पाहिलं नाही. आवाज चढवला नाही.

"बाबा, मीसुद्धा गायचे. तुम्हाला आठवतंय?"

भावोजी म्हणाले, हो तर, लहानपणी फार गायचीस.

"मग बंद का केलं, ते आठवतंय?"

भावोजी आठवायला लागले. खरंच आठवत होते बिचारे. कपाळाला आठ्या घालून, ग्लास हातात तसाच. आणि त्यांना आठवेना. भाचीने थोडी वाट पाहिली, फडकं दोरीवर टाकलं आणि बाहेर गेली. तिने सांगायची गरजच उरली नव्हती. भावोजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इतक्या वर्षांत मी या माणसाला लाजताना पाहिलं नव्हतं. बोलून गेल्याची लाज असतेच, पण जे बोलून आपण विसरून गेलो आणि समोरच्याने जन्मभर सांभाळून ठेवलं, त्याची लाज कुठे तोंड लपवणार?

मी तोंडाची फटकळ. एरवी सोडलं नसतं. त्या वेळी मात्र मला माझंच ते हसणं आठवलं आणि मी गुपचूप चहाचं आधण ठेवलं.

मग त्यांनी भरपाईला सुरुवात केली, आणि तीही आपल्या पद्धतीने, म्हणजे अगदीच धांदरटपणे. गोटीला म्हणाले, तू फार छान गातेस. पोरीने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी मान खाली घातली. नंतर मला म्हणाले, माझं ते 'छान' मलाच भद्द ऐकू आलं. मग त्यांनी ठरवलं, आपण बैठकीत बसायचंच नाही. आपण नसलो तर पोर मोकळी होईल. ऐन थंडीत स्वेटर चढवून बाहेरच्या पायरीवर जाऊन बसायला लागले. मी एकदा त्यांना शाल द्यायला गेले तर भिंतीला कान लावून बसलेले.

"आत सगळे गातायत," मी म्हटलं. "तीही गात असेल."

"नाही," ते म्हणाले. "तिचा नाही त्यात."

किती कळवळून म्हणाले म्हणून सांगू! त्यांचा कानच त्यांना सोडत नव्हता. मी त्यांना म्हटलं, भावोजी, माफी मागा आणि मोकळे व्हा. तर म्हणे, काय म्हणून मागू? सूर चुकलाच होता. चुकला नाही म्हणालो तर खोटं, आणि चुकला म्हणालो तर पुन्हा तेच. शहाणपण त्यांच्याकडे नव्हतं असं नाही, पण ते सगळं कपांपुरतं होतं.

रविवारी चर्चच्या अंगणात मुलं पायऱ्यांवर ओळीने उभी राहिली. गोटी पहिल्या रांगेत. मोठी माणसं समोर खुर्च्यांवर, जागा नाही मिळाली ते भिंतीला टेकून. गाणं सुरू झालं. गोटीचं तोंड सगळ्यांत मोठं उघडत होतं. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, तुमची गोटी किती मन लावून गाते हो. ताईला बरं वाटलं. मी भावोजींकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते आणि चेहरा इतका पडला होता की मला पुन्हा तिकडे बघवेना.

दुसऱ्यांदा म्हणताना शिकवणाऱ्या बाईंनी हात वर करून सगळ्यांना सोबत म्हणायला सांगितलं. लोक कसेबसे गुणगुणतात तसे गुणगुणायला लागले. आणि एकदम आमच्या ओळीतून एक भसाडा, जाडाभरडा आवाज उठला. भावोजी गात होते.

या माणसाने लग्नात गाणं म्हटलं नाही, मुलीला झोपवताना म्हटलं नाही. का, ते तेव्हा कळलं. देवाने कान दिला तेवढ्यावर सगळी सामग्री संपली होती. सूर एकीकडे, शब्द तिसरीकडे. 'बाळ'वर तर असा काही चिरकला की मागच्या रांगेतली पोरं खिदळली. माणसं माना वळवून बघायला लागली. ताईने बाही ओढली, "अहो, पुरे." मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं होतं. त्यांचं काय होत असेल? आपला प्रत्येक सूर कसा वाजतोय हे त्या अंगणात त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. मानेपर्यंत लाल झाले, कपाळावर घाम, पण डोळे उघडे ठेवून, पायऱ्यांकडे बघत, शेवटच्या ओळीपर्यंत गायले. गोटीचे ओठ हलायचे थांबले होते. ती आ वासून आजोबांकडे बघत होती.

कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी हसत हसत त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालं, काय बादकाका, आज स्वतःलाच? भावोजी हसले नाहीत. "हो," एवढंच म्हणाले.

आम्ही चालत घरी निघालो. पुढे भावोजी आणि गोटी, मग ताई आणि मी, सर्वांत मागे भाची. मग गोटी म्हणाली, "आजोबा, तुम्ही किती चुकत होता."

"हो ना."

"कळत होतं तुम्हाला?"

"सगळं कळत होतं."

"मग थांबला का नाहीत?"

चार पावलं गेल्यावर भावोजी म्हणाले, "मला येत नाही गं. तू शिकवशील?"

गोटीने विचार केला. मागे आईकडे एकदा पाहिलं. मग चालता चालताच, अगदी लहान आवाजात, तिने म्हटलं, "हळू या, हळू या, बाळ निजलं गोठ्यात." 'बाळ'वर सूर घसरला, तस्साच. ताईने माझा दंड घट्ट धरला.

भावोजींनी तिच्या मागून ओळ म्हटली. भसाड्या आवाजातच, पण 'बाळ'वर ते तिच्यासारखेच घसरले. जिथून ती घसरली होती तिथूनच, आणि तेवढंच खाली. तो कान उगाच नव्हता. गोटी म्हणाली, "आता बरोबर," आणि पुढची ओळ जरा मोठ्याने म्हणायला लागली. तिच्या मागून ते. मग ताई. मीही म्हटलं, तसंच घसरून. आमच्याकडे आता ते गाणं तसंच म्हणतात.

फाटकाशी आल्यावर भावोजी कडी काढायला थांबले. गोटी, ताई, मी, सगळ्या म्हणतच आत गेलो. ते मात्र फाटक धरून उभे राहिले, मान थोडी तिरकी करून, डोळे मिटून. भाची त्यांच्यासमोरून ओठ मिटून आत गेली. ती गेल्यावरही ते बराच वेळ तसेच उभे होते.