यादोरावांची करडई आणि आम्ही शेंडेखाऊ

धान निघालं की त्याच बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, लाखोळीची डाळ नाहीतर जवस, हा आमच्या चिचगडचा कायदाच. पण शेजारचे यादोराव भाऊजी कायदा पाळतील तर शपथ. "विकतच्या तेलानं माणूस पुचाट होते," असं चौकातल्या हॉटेलात बसून सांगतात, तोंडात तिथलंच भजं.

यंदा घाण्याच्या तेलासाठी त्यांनी करडई पेरली. त्यांच्या बायकोनं, देवकाबाईनं, अट घातली, "दोन पोते भरले नाई, त पुढच्या साली बांधी माही. मी लाखोळी पेरीन, तुमी फक्त निंदायले या."

डिसेंबरात करडई वीतभर झाली. खरं सांगते, पहिला शेंडा मीच खुडला. हरभऱ्याची भाजी खुडणारे हात, लुसलुशीत पान दिसलं की थांबत नाहीत. लसूण-मिरची घालून परतली, गल्लीत वाटीवाटीनं वाटली. चव लागली तशी सगळी गल्लीच खुडायला लागली. आठ दिवसांत बांधी बोडखी.

भाऊजी बांधावर डोकं धरून बसले. "रानडुकरानं खाल्ली."

"नुसते शेंडेच खाऊन रायलं काय?" मी म्हटलं. "लय शिकलेलं डुक्कर दिसते."

दुःखात भूक लागते म्हणून एक वाटी त्यांनाही दिली. "वहिनी, मेथी मस्त जमली," म्हणाले. तिकडे देवकाबाईनं लाखोळीचं बियाणं मुद्दाम त्यांच्या खाटेसमोर उन्हात घातलं.

पण खुडलेल्या एकेका शेंड्याखाली चार-चार फांद्या फुटल्या. फेब्रुवारीत बांधी पिवळी-केशरी झाली, आणि काटे असे की बकरीसुद्धा लांबूनच रामराम करी. मला राहवलं नाही. "आमी खुडली म्हणून फुटली, भाऊजी. दोन बाटल्या तेल आमच्या हक्काचं."

बोलले आणि जीभ चावली.

भाऊजी शांतपणे म्हणाले, "ज्यायनं शेंडे खाल्ले, त्यायनं कापणीले यावं. पाहाटे पाचले."

पीक वाळलं आणि ती पहाट आली. दव असेपर्यंत काटे नरम असतात, म्हणून करडई पहाटेच कापतात. मी नवऱ्याचे पायमोजे हातांत चढवून गेले. धुक्यात पाहते तर अख्खी गल्ली उभी, सगळ्यांच्या हातांत पायमोजे. टोकाला देवकाबाई. तिचे कोपरापर्यंत.

भाऊजी पाहतच राहिले. "तू बी? भाजीसाठी?"

"भाजीसाठी काऊन?" देवकाबाई खाली मान घालून विळा चालवत म्हणाली. "लाखोळीसाठी. अर्धी बांधी मीच खुडली. मले काय मालूम, असी फुटते म्हणून."

दोन पोती भरली, तिसरं अर्धं. बांधी भाऊजींचीच राहिली. "पुढच्या साली बी तूच खुडजो," त्यांनी बायकोला सांगितलं.

देवकाबाईनं राखून ठेवलेलं लाखोळीचं बियाणं भिजवलं, वाटलं आणि त्याचे वडे नव्या करडईच्या तेलात तळले. आम्हालाही ताटली आली. भाऊजींनी नऊ वडे खाल्ले, मी मोजले.

माझ्या दोन बाटल्या मात्र अजून आल्या नाहीत. येत्या डिसेंबरात बघते.